रुळाची रुंदी आणि पहिला सेक्टर

गोंदियाहून जबलपूरकडे निघालेली गाडी बालाघाट सोडते, जंगलात शिरते आणि नैनपूरच्या अलीकडे लामत्याला थांबते. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बंगाल नागपूर रेल्वेने हा मार्ग घातला तो अडीच फुटी रुळांचा. दोन रुळांमधले अंतर ७६२ मिलिमीटर. गोंदियाला हावडा-मुंबई मार्गावर तेच अंतर १६७६ मिलिमीटर. त्यामुळे इंजिन ठणठणीत असो, रूळ पक्के असोत, लामत्याहून आलेला डबा गोंदियाच्या मोठ्या रुळांवर हातभरही सरकत नसे. माणसे उतरत, बोचकी उतरत आणि सगळा लवाजमा मोठ्या गाडीत चढे. आता संपूर्ण मार्ग ब्रॉडगेज झाला आहे. बालाघाट ते नैनपूर हा मधला टप्पा अगदी शेवटी बदलला, आणि छोटी गाडी आता नैनपूरच्या संग्रहालयात उभी आहे.

संगणकाची हार्ड डिस्क सांभाळणाऱ्याला ही गोष्ट ठाऊक असलेली बरी. पार्टिशनची कामे करण्यासाठी डीव्हीडी किंवा पेन ड्राइव्हवरून संगणक सुरू करायचा असतो. तो सुरू झाला नाही की माणूस लगेच म्हणतो, डिस्क खराब आहे किंवा संगणक गेला. पुष्कळदा दोन्ही धडधाकट असतात. रुळाची रुंदी तेवढी जुळत नसते.

पण आधी, अशी वेगळी डिस्क लागतेच कशाला?

लामत्याच्या बाजारातले एखादे ऑनलाइन अर्ज भरून देणारे दुकान डोळ्यांपुढे आणावे. दहा-बारा वर्षांचा डेस्कटॉप, ५०० जीबीची हार्ड डिस्क. सी ड्राइव्ह लाल झालेला, विंडोजचे अपडेट घ्यायला जागा उरलेली नाही, आणि शेजारचा डी ड्राइव्ह जवळजवळ रिकामा. डीमधली शंभर जीबी जागा सीला देऊन टाकावी, एवढे साधे काम. दुकानदार विंडोजमधले डिस्क मॅनेजमेंट उघडतो, डी आकसून घेतो, मोकळी जागा तयार होते. सीवर जाऊन ‘एक्स्टेंड’ बघतो, तर तो पर्याय फिकट पडलेला. दाबताच येत नाही.

कारण मोकळी झालेली जागा डीच्या उजव्या टोकाला असते आणि सीला हवी असते ती आपल्या बांधाला लागून. विंडोज पार्टिशन आकसवू शकते, शेजारी जागा असेल तर वाढवूही शकते, पण मधले पार्टिशन उचलून बाजूला सरकवत नाही. त्यातून जुन्या पद्धतीच्या डिस्कवर डी ड्राइव्ह बहुधा ‘एक्स्टेंडेड’ नावाच्या एका मोठ्या कुंपणात असतो. त्या कुंपणाच्या आतली जागा बाहेरच्या सीला देता येत नाही, आधी कुंपणच मागे घ्यावे लागते. हे काम विंडोज चालू असताना करणे म्हणजे ज्या खाटेवर निजायचे तिचाच पाय कापणे. म्हणून विंडोज बंद ठेवून दुसऱ्या एखाद्या छोट्या प्रणालीवरून संगणक सुरू करायचा आणि बाहेरून काम करायचे.

नव्वदच्या दशकात पॉवरक्वेस्ट कंपनीचे पार्टिशन मॅजिक या कामासाठी गाजले. २००३मध्ये सिमँटेकने पॉवरक्वेस्ट विकत घेतली आणि पुढे ते उत्पादन बंद पडले. आज बहुतेक लोक जीपार्टेड लाइव्ह वापरतात. ते मोफत आहे, डेबियन लिनक्सवर उभे आहे आणि सगळे मिळून एका सीडीएवढ्या जागेत मावेल इतके आटोपशीर ठेवलेले आहे. मोठी दुरुस्ती असेल तर सिस्टमरेस्क्यू. त्यात मरणपंथाला लागलेल्या डिस्कवरून माहिती खरवडून काढणारी साधनेही असतात.

आता डिस्क बूट का होत नाही ते पाहू. सर्वांत जास्त घडणारी चूक सर्वांत साधी आहे. आयएसओ नावाची फाइल उतरवून घेतली जाते आणि एखादे गाणे कॉपी करावे तशी डीव्हीडीवर किंवा पेन ड्राइव्हवर ठेवली जाते. ती डिस्क दुसऱ्या संगणकात उघडून पाहावी. आत एकच गलेलठ्ठ फाइल दिसली तर ती चुकीची बनली आहे. बरेच फोल्डर दिसले तर बरोबर. आयएसओ हे अख्ख्या डिस्कचे चित्र असते आणि ते ‘इमेज’ म्हणूनच लिहावे लागते.

याचे कारण १९९५च्या जानेवारीत आहे. फिनिक्स आणि आयबीएम या दोन कंपन्यांनी सीडीवरून संगणक सुरू करण्याचा नियम ठरवला आणि त्याला ‘एल तोरितो’ असे नाव दिले. कॅलिफोर्नियातल्या अर्व्हाइन गावच्या ज्या खाणावळीत या कामाच्या गप्पा झाल्या, तिचे हे नाव. सीडीवरचे पहिले सोळा सेक्टर, म्हणजे ३२ केबी, मोकळे सोडलेले असतात. त्यांच्यानंतर सतराव्या क्रमांकाच्या सेक्टरमध्ये, मोजणी शून्यापासून धरून, बूटचा पत्ता लिहिलेला असतो. संगणक जागा होताच त्या ठरलेल्या घराचे दार ठोठावतो. फाइल नुसती कॉपी केली तर त्या घरात कोणी राहायलाच आलेले नसते. पुढे पेन ड्राइव्हचा जमाना आला तेव्हा कोणा हुशार डोक्यांनी ते रिकामे सोळा सेक्टरच कामाला लावले. त्यात हार्ड डिस्कसारखा बूट कोड बसवला आणि एकच आयएसओ सीडीवरही चालू लागली, पेन ड्राइव्हवरही. रिकाम्या ओसरीत दुकान थाटावे तसे हे झाले, आणि ते आजतागायत उत्तम चालू आहे.

फाइल नीट उतरली का, हेही तपासावे लागते. गावाकडे मोबाइलच्या हॉटस्पॉटवरून उतरवलेली पाचशे-सहाशे एमबीची फाइल मध्येच तुटलेली असू शकते. प्रत्येक आयएसओसोबत एक चेकसम दिलेला असतो. अंक आणि अक्षरांची ती लांबलचक ओळ म्हणजे फाइलचा अंगठ्याचा ठसा. विंडोजमध्ये ‘सर्टयुटिल’ नावाची आज्ञा देऊन तो ठसा काढता येतो आणि संकेतस्थळावरच्या ठशाशी ताडता येतो. दोन मिनिटांचे हे काम टाळल्यामुळे किती दुपारी वाया गेल्या असतील!

यानंतर येतो रुळांचा प्रश्न. जुने संगणक बायॉस पद्धतीने सुरू होतात, नवे युईएफआय पद्धतीने. बायॉस डिस्कच्या एका ठरावीक सेक्टरमधला कोड डोळे झाकून चालवतो. युईएफआय एका ठरावीक फोल्डरमधली फाइल शोधतो. ज्या डिस्कवर केवळ जुनी व्यवस्था आहे ती नव्या यंत्राला दिसतच नाही. उलट पेन ड्राइव्ह बनवतानाच रुफससारख्या साधनात केवळ युईएफआयची निवड केली, तर केवळ बायॉसवर चालणारा जुना डेस्कटॉप त्याच्याकडे ढुंकूनही बघत नाही. संगणक सुरू करताना बूटची यादी उघडावी. डेल आणि लेनोव्होच्या यंत्रांत बहुधा एफ१२, एचपीमध्ये एफ९. पुष्कळ यंत्रांत एकच पेन ड्राइव्ह यादीत दोनदा दिसतो, एकदा नावाआधी ‘युईएफआय’ लावून आणि एकदा तसाच. एकाने जमले नाही तर दुसरा निवडावा. नुसत्या पार्टिशनच्या सीमा बदलायच्या असतील तर कोणत्याही वाटेने आत शिरले तरी चालते. विंडोजचा बूट दुरुस्त करायचा असेल तर मात्र विंडोज ज्या वाटेने सुरू होते तीच वाट धरावी लागते.

वाट जुळली तरी दारात पहारेकरी असू शकतो. २०१२मध्ये विंडोज ८ आले तेव्हापासून सिक्युअर बूट सरसकट येऊ लागले. ज्या बूट फाइलवर मान्य सही नाही ती असे यंत्र चालवत नाही. कपाटात पाच-सात वर्षे पडून असलेली जुनी डिस्क इथेच अडते. तिला अडवल्याचा राग धरू नये. बूटमध्ये लपणाऱ्या विषाणूंना अडवण्यासाठीच हा पहारा बसवला आहे. नवी आवृत्ती उतरवून पाहावी. तिनेही भागले नाही तर सिक्युअर बूट कामापुरते बंद करावे. मात्र त्याआधी एक गोष्ट केल्याशिवाय हात लावू नये. अलीकडच्या कितीतरी लॅपटॉपमध्ये बिटलॉकर कुलूप आपोआप लागलेले असते आणि मालकाला त्याचा पत्ताही नसतो. बूटची मांडणी बदलली की विंडोज ४८ आकडी रिकव्हरी की मागते. ती मायक्रोसॉफ्टच्या खात्यात शोधून आधी कागदावर उतरवून ठेवावी. ती नसेल तर आतले फोटो, हिशेब, लोकांची कागदपत्रे डोळ्यांदेखत असून हाताला लागणार नाहीत.

कधी कधी डिस्क सुरू होते, काळ्या पडद्यावर अक्षरे धावतात आणि मग इंग्रजीत ओळ येते की लाइव्ह फाइल सिस्टम असलेले माध्यम सापडत नाही. माणूस चक्रावतो. ज्या डिस्कवरून संगणक सुरू झाला तीच सापडत नाही म्हणजे काय? तर सुरुवातीचा टप्पा संगणकाच्या स्वतःच्या चिपच्या मदतीने वाचला जातो, आणि लिनक्सचा गाभा जागा झाल्यावर तो स्वतःच्या ड्रायव्हरने तीच डिस्क पुन्हा शोधायला निघतो. गोंदियाला गाडी बदलावी लागे, तशी इथे अर्ध्या वाटेवर बदली होते. डीव्हीडीवर ओरखडे असतील किंवा पेन ड्राइव्ह लावलेले निळे यूएसबी ३ पोर्ट लिनक्सला ओळखता आले नाही, तर बदली चुकते. पेन ड्राइव्ह मागच्या काळ्या पोर्टमध्ये लावून पाहावा. डीव्हीडी असेल तर कमी वेगाने नवी लिहावी.

पडदाच काळा राहिला तर दोष बहुधा ग्राफिक कार्डाच्या ड्रायव्हरचा. जीपार्टेडच्या पहिल्याच यादीत ‘अदर मोड्स’च्या आत ‘सेफ ग्राफिक सेटिंग्ज’ असा पर्याय असतो. त्याच्याच जवळ ‘टू रॅम’ आहे. तो निवडला की सगळी प्रणाली स्मृतीत चढते आणि नंतर डिस्क काढून घेतली तरी काम चालू राहते. सीडी ड्राइव्ह धडपडत असेल तर हा पर्याय फार उपयोगी.

आणि जीपार्टेड सुरू झाले, पण त्यात हार्ड डिस्कच नाही? लॅपटॉपच्या सेटिंगमध्ये साठवणीचा प्रकार रेड किंवा इंटेल आरएसटी असा ठेवलेला असेल तर असे घडते. तो एएचसीआय केला की डिस्क दिसू लागते. पण मग विंडोज सुरू होताना निळा पडदा दाखवू शकते. म्हणून काम संपताच सेटिंग पूर्ववत करायचे, हे तिथल्या तिथे लिहून ठेवावे.

इथवर सगळे दोष दाराबाहेरचे होते. आता आत.

१९८३मध्ये आयबीएमच्या पीसी एक्सटीबरोबर आणि डॉस २.०बरोबर जी मांडणी आली ती कितीतरी जुन्या डिस्कवर अजून नांदते आहे. डिस्कचा पहिला सेक्टर ५१२ बाइटचा. त्यात ४४६ बाइट बूट कोड, ६४ बाइट पार्टिशनची नोंदवही आणि शेवटी दोन बाइटची सही. चौसष्ट बाइटमध्ये सोळा-सोळाच्या चारच ओळी बसतात, म्हणून मुख्य पार्टिशन चारच. सेक्टरचा क्रमांक ३२ बिटांत लिहायचा, म्हणून सुमारे २.२ टीबीच्या पलीकडची जागा या नोंदवहीत मांडताच येत नाही. नव्या जीपीटी पद्धतीत १२८ ओळी असतात आणि नोंदवहीची दुसरी प्रत डिस्कच्या अगदी शेवटी ठेवलेली असते.

मराठी माणसाला हे समजायला जड जाऊ नये. पार्टिशनची नोंदवही म्हणजे सातबारा. लामत्याकडे म्हणतात तसे पटवाऱ्याचा खसरा. कोणाची जमीन कुठली, याची त्यात नोंद असते. प्रत्यक्ष धान त्यात नसते. बालाघाट जिल्ह्याच्या चिन्नोर तांदळाला २०२१मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. तो तांदूळ बांधीत पिकतो, पटवाऱ्याच्या दप्तरात नव्हे. दप्तराचे पान फाटले म्हणून उभे पीक नाहीसे होत नाही.

जीपार्टेडमध्ये छातीत धस्स करणारा एक क्षण येतो तो याच ठिकाणी. डिस्क निवडावी तर सगळी पट्टी राखाडी: ‘अनअलोकेटेड’. सी नाही, डी नाही, काहीच नाही. विंडोज तर अजून व्यवस्थित सुरू होते आहे! असे दिसले की बहुतेक वेळा नोंदवहीत दोन हद्दी एकमेकींवर चढलेल्या असतात, किंवा एखादी हद्द डिस्कच्या टोकाबाहेर गेलेली असते. पट्टीवर टिचकी देऊन माहिती उघडली तर ‘कान्ट हॅव ओव्हरलॅपिंग पार्टिशन्स’ अशी ओळ दिसते. विंडोज अशा चुकीकडे काणाडोळा करते. जीपार्टेड कडक शिस्तीचे, ते अख्खी नोंदवहीच नाकारते. पूर्वी जीपीटी असलेली डिस्क पुन्हा जुन्या पद्धतीने वापरली आणि शेवटच्या टोकाला जुनी प्रत राहून गेली, तरी असाच गोंधळ होतो.

या वेळी एकच बटण दाबायचे नाही: नवी पार्टिशन टेबल तयार करण्याचे. विंडोजने डिस्क फॉरमॅट करू का असे विचारले तरी नाहीच म्हणायचे. आधी फक्त वाचायचे. टर्मिनल उघडून एफडिस्कला यादी मागावी, प्रत्येक पार्टिशनचा पहिला आणि शेवटचा सेक्टर वहीत उतरवावा, आणि कोणाचा शेवट कोणाच्या सुरुवातीपुढे गेला आहे ते हाताने ताडावे. मोजणी अधिकारी साखळी घेऊन बांधावर उभा राहतो तसेच हे काम आहे. नोंद खरोखर पुसली गेली असेल तर फ्रान्सच्या क्रिस्तोफ ग्रेनिए यांनी लिहिलेले टेस्टडिस्क डिस्कभर फिरून प्रत्येक फाइल सिस्टमच्या खुणा शोधते आणि जुन्या हद्दी पुन्हा मांडून दाखवते. आतल्या फाइलींची नावे पाहून खात्री पटेपर्यंत ते काही लिहीत नाही. हा त्याचा मोठा गुण.

या पहिल्या सेक्टरने महाराष्ट्रातल्या एका उद्योगाच्या जन्मालाही हातभार लावला आहे. फ्लॉपीच्या काळात विषाणू फाइलींपेक्षा बूट सेक्टरवर टपलेले असत. १९८६चा ब्रेन, त्यानंतरचा स्टोन्ड आणि १९९२च्या ६ मार्चला जगभर धास्ती पसरवणारा मायकेलअँजेलो, ही त्यांतली ठळक नावे. मायकेलअँजेलो हार्ड डिस्कचा खरा पहिला सेक्टर उचलून सातव्या सेक्टरमध्ये नेऊन ठेवी आणि स्वतः पहिल्यात बसे. त्या काळी पहिले पार्टिशन ६३ क्रमांकाच्या सेक्टरपासून किंवा त्याच्याही अलीकडून सुरू होई आणि मधली पट्टी रिकामी पडे, म्हणून हे लपाछपीचे काम साधे. दुरुस्तीचा मार्गही त्यातूनच निघे: स्वच्छ फ्लॉपीवरून संगणक सुरू करा आणि सातव्यातला सेक्टर परत पहिल्यात आणा. पुण्यात कॅल्क्युलेटर दुरुस्त करता करता संगणकाकडे वळलेले कैलास काटकर आणि त्यांचे धाकटे भाऊ संजय काटकर यांच्यापुढे दुरुस्तीला येणारे संगणक असे विषाणूंनी पछाडलेले असत. संजय यांनी ते विषाणू काढणारी साधने लिहिली आणि १९९५मध्ये डॉससाठी क्विक हील आले. साताऱ्याच्या रहिमतपूरचे हे भाऊ. विंडोजच्या बाहेरून यंत्र सुरू करून तपासणारी ‘इमर्जन्सी डिस्क’ पुढे क्विक हीलनेही दिली. आजारी प्रणालीच्या आतून तिचीच तपासणी करू नये, ही दुरुस्तीच्या टेबलावर शिकलेली गोष्ट त्या डिस्कमागे आहे.

दुकानाकडे परत येऊ. डिस्क सुरू झाली, पट्टीत रंग दिसले, पण सीवर पिवळा त्रिकोण आहे आणि आकार बदलू देत नाही. विंडोज ८पासून ‘फास्ट स्टार्टअप’ आले. शटडाउन केले तरी विंडोज पूर्ण झोपत नाही. अर्धी कामे डिस्कवर तशीच ठेवून डुलकी घेते. अशा पार्टिशनला लिनक्सची साधने हात लावत नाहीत आणि त्यांचे बरोबर आहे. विंडोजमध्ये परत जाऊन फास्ट स्टार्टअप बंद करावे, चेकडिस्क चालवावे, मग पुन्हा डिस्क लावावी. जबरदस्तीने पुढे जाण्याचे उपाय अनेक जण सांगतात. ते ऐकू नयेत. पार्टिशनपुढे किल्लीचे चित्र असेल तर ते वापरात आहे एवढाच अर्थ; उजवे बटण दाबून अनमाउंट करावे. लिनक्सचे स्वॅप असेल तर ‘स्वॅपऑफ’.

मग क्रम लावायचा: डीची डावी सीमा उजवीकडे, एक्स्टेंडेड कुंपणाची डावी सीमा उजवीकडे, शेवटी सीची उजवी सीमा त्या जागेत. तिन्ही पावले रांगेत उभी राहतात. ‘अप्लाय’ दाबेपर्यंत डिस्कवर एक अक्षरही लिहिले जात नाही. रांग शांतपणे वाचून पाहायला इथे वेळ मिळतो, तो घ्यावा.

डीची डावी सीमा हलवणे म्हणजे नुसती रेघ पुसून दुसरी ओढणे नव्हे. डीमधली माहिती उचलून पुढे ठेवावी लागते. दोनशे जीबी हलवायची तर सेकंदाला ५० एमबी वेग धरला तरी तासाहून अधिक वेळ जातो, आणि एकाच डिस्कवर वाचणे-लिहिणे चालू असताना जुन्या यंत्राला एवढाही वेग मिळत नाही. मध्येच वीज गेली तर अर्धी माहिती जुन्या जागी आणि अर्धी नव्या जागी राहते. आषाढातल्या ढगाळ दुपारी हे काम काढू नये. यूपीएसची बॅटरी पंधरा मिनिटांची असेल तर ती तासाभराच्या कामाला पुरणार नाही, हा हिशेब आधी करावा. डी खरोखरच जवळजवळ रिकामा असेल तर त्याहून चांगली वाट आहे: त्यातल्या फाइली बाहेरच्या हार्ड डिस्कवर काढाव्यात, डी पुसून टाकावा, सी वाढवावा आणि उरलेल्या जागेत नवा डी करावा. दहा मिनिटांचे काम, आणि बॅकअप आपसूक होतो.

डिस्क कटकट आवाज करत असेल किंवा तिच्या प्रकृतीच्या ‘स्मार्ट’ अहवालात बदललेल्या सेक्टरांचा आकडा वाढत असेल, तर पार्टिशनचा विषयच तिथे थांबवावा. सिस्टमरेस्क्यूमधल्या डीडीरेस्क्यूने आधी अख्ख्या डिस्कची नक्कल दुसऱ्या डिस्कवर घ्यावी आणि पुढची खटपट नकलेवर करावी.

काम झाल्यावर विंडोज पहिल्यांदा सुरू होईल तेव्हा ते बहुधा स्वतःहून डिस्क तपासू लागते. ते पूर्ण होऊ द्यावे. बदललेला बूटचा क्रम, सिक्युअर बूट, एएचसीआय, जे जे हलवले ते ते जागेवर आणावे. आणि डीव्हीडीवर मार्करने आवृत्तीचा क्रमांक, महिना आणि ‘बायॉस’ की ‘युईएफआय’ हे लिहून ती काउंटरच्या खणात ठेवावी.